जिवाणूजन्य संधिशोथ : निदान आणि उपचार यांचा क्रम

व्याख्या

सांध्याच्या पोकळीत जिवाणू शिरून तेथे वाढू लागले की जो तीव्र दाह होतो, त्याला जिवाणूजन्य संधिशोथ म्हणतात. रुग्णालयात ‘सेप्टिक आर्थ्रायटिस’ हे नाव चालते. घरात ‘सांध्यात पू झाला’ असे म्हटले जाते. सांध्यांची झीज किंवा आमवात यांचा हिशेब वर्षांचा असतो; या विकाराचा हिशेब तासांचा आणि दिवसांचा आहे. युरोप-अमेरिकेतील नोंदींनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण २ ते १० जणांना तो होतो. संख्या लहान असली तरी परिणाम जबर आहेत. उपचार मिळूनही सुमारे दहांतला एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांचा सांधा पूर्ववत होत नाही. म्हणून एखादा सांधा अचानक सुजला, गरम झाला आणि हलवेनासा झाला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो जंतुसंसर्गच धरावा, असा वैद्यकातील दंडक आहे. येथे काय करायचे याइतकेच ते कोणत्या क्रमाने करायचे यालाही महत्त्व असते.

सांध्याची रचना

गुडघा, खुबा, खांदा अशा हलत्या सांध्यांत हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. भोवती चिवट तंतूंची पिशवी आणि तिला आतून पातळ अस्तर असते. हे अस्तर संधिद्रव पाझरवते. हा द्रव वंगणाचे काम करतो आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिचे पोषणही प्रामुख्याने त्याच्याचमार्फत होते. अस्तरात मात्र केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्वचेच्या किंवा आतड्याच्या पेशींखाली जसे आधारपटल असते, तसे या अस्तराच्या पेशींखाली नसते. त्यामुळे रक्तातून फिरणारे जिवाणू सहज पोकळीत उतरतात. दुसरीकडे, रक्तपुरवठा नसलेल्या कूर्चेचे नुकसान फारसे भरून निघत नाही. शिरकाव सोपा आणि दुरुस्ती अवघड, अशी ही रचना आहे.

विध्वंसाची प्रक्रिया

जिवाणू अस्तराला चिकटून वाढू लागताच पांढऱ्या पेशींचा लोंढा सांध्यात येतो. या पेशी जिवाणू मारण्यासाठी जी विकरे सोडतात, ती कूर्चेतील प्रथिनेही तोडतात. अस्तरातील आणि कूर्चेतील पेशीसुद्धा चिथावल्या जातात आणि स्वतःच्याच चौकटीचे विघटन करणारी विकरे तयार करू लागतात. पू साचतो तसा दाब वाढतो. खुब्याच्या सांध्यात या दाबामुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याकडे जाणाऱ्या वाहिन्या दाबल्या जातात आणि तो भाग मृत होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणजेच जिवाणू मेले तरी पू आत राहिला, तर नासधूस चालूच राहते. उपचारात औषध आणि निचरा या दोन्हींची गरज पडते, ती यामुळेच.

शिरकावाच्या वाटा

बहुतेक वेळा जिवाणू रक्तातून येतात. पायावरची चिघळलेली जखम, त्वचेवरचे गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा डायलिसिससाठी शिरेत ठेवलेली नळी ही त्यांची उगमस्थाने असू शकतात. दुसरी वाट थेट आहे : सांध्यात खोलवर गेलेला काटा, प्राण्याचा चावा, शस्त्रक्रिया किंवा सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. तिसरी वाट शेजारच्या हाडातील संसर्गाची. वार्धक्य, मधुमेह, मूत्रपिंडाचे जुने विकार आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांमुळे धोका वाढतो. आमवाताच्या रुग्णांत तर तीन गोष्टी एकत्र येतात. अस्तर आधीच बिघडलेले असते, औषधांनी प्रतिकार कमी झालेला असतो आणि नवी सूज ‘जुनाच आमवात उसळला’ म्हणून सोडून दिली जाण्याची शक्यता असते. यांपैकी निदान लांबवणारी गोष्ट तिसरी आहे.

कारक जिवाणू

प्रौढांत सर्वाधिक आढळणारा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० मध्ये पुवात गोल जिवाणूंचे पुंजके पाहिले आणि त्यांच्या द्राक्षघोसासारख्या मांडणीवरून पुढे ग्रीक शब्द घेऊन ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. त्वचेवर आणि नाकात हा जिवाणू कित्येक निरोगी माणसांतही राहतो. त्याच्या पृष्ठभागावर संधिउतींतील प्रथिनांना चिकटण्याची साधने असल्याने सांधा त्याला विशेष मानवतो. त्यानंतर क्रमांक स्ट्रेप्टोकॉकस गटाचा. वृद्ध, दुर्बल आणि मूत्रसंसर्ग असलेल्या रुग्णांत ई. कोलायसारखे दंडाकार जिवाणू आढळतात. मांजर किंवा कुत्रा चावल्यानंतर पाश्चुरेला, तरुण प्रौढांत गोनोरियाचा जिवाणू, असा संबंध रुग्णाच्या इतिहासाशी जोडता येतो. त्यामुळे व्यवसाय, जखमा, जनावरांचा संपर्क आणि लैंगिक इतिहास यांची विचारपूस हा तपासाचाच भाग ठरतो.

लक्षणे

सुमारे निम्म्या रुग्णांत गुडघ्याला लागण होते. खुबा, खांदा, घोटा, मनगट आणि कोपर हे त्यामागोमाग येतात. साधारणतः एकच सांधा दुखतो, पण दहा ते वीस टक्के रुग्णांत एकाहून अधिक सांधे सापडतात. वेदना काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वाढत जाते. पोकळीत सर्वांत जास्त जागा मिळेल अशा स्थितीत रुग्ण सांधा आपोआप धरतो : गुडघा किंचित वाकवलेला, खुबा वाकवून बाहेर वळवलेला. ताप मात्र भरवशाचा नाही. तो सुमारे निम्म्याच रुग्णांत आढळतो. स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा अतिवृद्ध रुग्णात सूजही बेताची असू शकते. खुबा खोल असल्याने त्याची सूज बाहेरून दिसत नाही. जांघेतली किंवा कधी फक्त गुडघ्यात जाणवणारी वेदना ही तेथील खूण असते.

तपासणीतील महत्त्वाची खूण

सांध्याबाहेरचा दाह आणि सांध्यातला दाह वेगळे ओळखण्यासाठी साधी हालचाल उपयोगी पडते. गुडघ्याच्या वाटीपुढे द्रवाची एक छोटी पिशवी असते. सतत गुडघे टेकून फरशी बसवणाऱ्या कामगारांत ती सुजते आणि तिच्यात पू होऊ शकतो. अशा वेळी वाटीवरची त्वचा लालबुंद दिसते, पण डॉक्टरने हळुवारपणे पाय सरळ केला तर बऱ्याच अंशांपर्यंत दुखत नाही. सांध्याच्या आत पू असेल तर मात्र एवढीशी हालचालही सोसवत नाही. हा फरक पुढच्या कृतीसाठी मोलाचा आहे, कारण संसर्ग झालेल्या त्वचेतून सुई सांध्यात नेली तर निरोगी सांध्यात जिवाणू ढकलले जाण्याचा धोका असतो.

फसवे साधर्म्य

गाउटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून रातोरात तशीच सूज आणि लाली येते. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक उतारवयात गुडघ्यात आणि मनगटात हेच करतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतर चिकुनगुन्याचे रुग्ण वाढतात. त्यात ताप आणि सांधेदुखी असते, पण दोन्ही बाजूंचे अनेक सांधे एकदम धरतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत सांध्यात रक्त साचू शकते. या सगळ्यांत मोठी अडचण अशी की दोन विकार एकाच वेळी असू शकतात. गाउटचे स्फटिक सापडले म्हणून संसर्ग नाही असे ठरत नाही. बाहेरून पाहून हा गुंता सुटत नाही. त्यासाठी आतला द्रवच पाहावा लागतो.

सुईने द्रव काढणे

निदानाचा कणा म्हणजे सांध्यातील द्रव सुईने बाहेर काढणे. गुडघ्यात ही कृती रुग्णाच्या खाटेजवळही होते. त्वचा जंतुनाशकाने पुसून, भूल देऊन, वाटीच्या कडेखालून जाडसर सुई आत नेली जाते; पू दाट असेल तर बारीक सुईत तो अडकतो. खुब्यासाठी सोनोग्राफीची मदत लागते. ही कृती प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी झाली पाहिजे. औषध आधी गेले तर द्रवातील जिवाणू अर्धमेले होतात, प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि पुढचे कित्येक आठवडे अंदाजाने औषध द्यावे लागते. याला अपवाद एकच : रुग्णाचा रक्तदाब कोसळत असेल किंवा संसर्ग सर्वांगात पसरल्याची चिन्हे असतील, तर रक्ताचे नमुने घेऊन औषध लगेच सुरू केले जाते आणि सांध्यातील द्रव शक्य तितक्या लवकर काढला जातो.

द्रवाचे वाचन

निरोगी संधिद्रव फिकट पिवळा आणि पारदर्शक असतो. काचेच्या नळीत भरून मागे वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता येतात. सिरिंजच्या टोकावरून थेंब सोडला तर साखरेच्या पाकासारखी तार धरतो. संसर्गात विकरे द्रवातील लांब रेणू तोडतात, त्यामुळे तार तुटते, थेंब पाण्यासारखा पडतो आणि गढूळपणामुळे मागची अक्षरे दिसेनाशी होतात. मग पांढऱ्या पेशी मोजल्या जातात. निरोगी द्रवात त्या घन मिलिमीटरला २०० पेक्षा कमी असतात. संसर्गात बहुधा ५०,००० च्या वर जातात आणि त्यांत ९० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल प्रकारच्या असतात. हा आकडा निकाल देत नाही, पारडे झुकवतो. तपासणीआधी संसर्गाची शक्यता चारांत एक धरली, तर ५०,००० हून अधिक पेशी आढळल्यावर ती चारांत जवळजवळ तीन होते आणि १,००,००० च्या वर दहांत नऊ. पेशी २५,००० पेक्षा कमी असतील तरीही ती दहांत एकाच्या आसपास उरतेच.

सूक्ष्मदर्शक आणि कल्चर

द्रवाचा एक भाग पेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत जातो, एक स्फटिक पाहण्यासाठी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली आणि एक जिवाणूंच्या शोधासाठी. डॅनिश वैद्य हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंजनपद्धत आजही पहिली पायरी आहे. जांभळे दिसणारे आणि गुलाबी दिसणारे, असे जिवाणूंचे दोन गट तासाभरात कळतात आणि पहिले औषध त्यावर ठरते. परंतु ही चाचणी जेमतेम निम्म्या किंवा त्याहूनही कमी रुग्णांत जिवाणू दाखवते. ती कोरी आली म्हणून संसर्ग नाकारता येत नाही. खात्रीचा पुरावा कल्चरचा, म्हणजे नमुन्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा. बहुतेक जिवाणू एक-दोन दिवसांत वाढतात आणि कोणते औषध लागू पडेल हे त्यानंतर समजते. थोडा द्रव रक्तकल्चरच्या बाटलीत घातल्यास जिवाणू सापडण्याचे प्रमाण वाढते.

रक्तचाचण्या आणि चित्रण

रक्ताचे कल्चर सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत जिवाणू दाखवते. कधी कधी तोच एकमेव पुरावा ठरतो. सीआरपी आणि ईएसआर हे रक्तातील दाहाचे निर्देशक वाढलेले असतात, पण दाहाच्या कोणत्याही विकारात ते वाढतात. त्यांचा खरा उपयोग नंतर होतो : उपचार लागू पडत असतील तर सीआरपी दिवसागणिक उतरते. सुरुवातीचा एक्स-रे बहुधा निर्दोष दिसतो, तरी पुढील तुलनेसाठी तो लागतो. सोनोग्राफी द्रव आहे की नाही हे दाखवते, तो पू आहे का हे सांगत नाही. एमआरआयने शेजारच्या हाडापर्यंत गेलेला संसर्ग लवकर कळतो. मात्र चित्रणाची वाट पाहत सुई लांबवणे हा क्रमभंग ठरतो.

प्रतिजैविकाची निवड

द्रव काढून झाल्यावर शिरेतून औषध सुरू होते. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गोल जिवाणू दिसले तर व्हँकोमायसिन हा नेहमीचा पर्याय, कारण मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस त्याच्या कक्षेत येतो. गुलाबी दंडाकार जिवाणू दिसले तर सेफ्ट्रिॲक्झोनसारखे सेफॅलोस्पोरिन आणि रुग्णाच्या धोक्यानुसार त्याहून व्यापक औषध. काहीच दिसले नाही तर दोन्ही गटांना पुरेल अशी जोडी. कल्चरचा अहवाल आला की औषधाची कक्षा अरुंद केली जाते : जिवाणू साध्या औषधांना दाद देणारा असेल तर सेफॅझोलिन हे व्हँकोमायसिनपेक्षा अधिक परिणामकारक आणि मूत्रपिंडाला कमी त्रासदायक असते. शिरेतून दिलेली बहुतेक प्रतिजैविके दाह झालेल्या अस्तरातून पुरेशा प्रमाणात झिरपतात, म्हणून औषध सांध्यात टोचण्याची सहसा गरज नसते.

निचरा

स्टॅफिलोकॉकस संधिद्रवात एकमेकांना आणि तंतुमय प्रथिनांना चिकटून गोळे करतो. त्यांच्या आत औषधाचा जोर चालत नाही. म्हणून पू बाहेर काढणे हा उपचाराचा दुसरा खांब आहे. पद्धती तीन : सुईने रोज द्रव उपसणे, दुर्बिणीतून सांधा धुणे आणि सांधा उघडून साफ करणे. गुडघ्यासारख्या हाताशी असलेल्या सांध्यात पू पातळ असेल तर पहिली पद्धत पुरते, पण प्रत्येक वेळी द्रवाचे प्रमाण आणि पेशी घटत आहेत हे पाहावे लागते. पू दाट असेल, कप्पे झाले असतील किंवा काही दिवसांत उतार दिसत नसेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. खुब्यात सुईने निचरा नीट होत नसल्याने तेथे शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर होतो.

औषधाची मुदत

रूढ पद्धतीत सुमारे दोन आठवडे शिरेतून आणि नंतर गोळ्या, अशी एकूण चारेक आठवड्यांची मुदत असते. हा नियम पुराव्यापेक्षा अनुभवावर उभा होता आणि अलीकडे तो तपासला गेला. ब्रिटनमधील ‘ओव्हिवा’ चाचणीत हाडांचे आणि सांध्यांचे संसर्ग असलेल्या १,०५४ रुग्णांना पहिले सहा आठवडे शिरेतून किंवा गोळ्यांतून औषध दिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरातील अपयश अनुक्रमे १४.६ आणि १३.२ टक्के होते. म्हणजे योग्य निवडलेल्या गोळ्या उण्या ठरल्या नाहीत. जिनिव्हातील एका चाचणीत शस्त्रक्रियेने निचरा झाल्यावर दोन आठवडे औषध चार आठवड्यांइतकेच उपयोगी ठरले, पण त्यातील बहुसंख्य सांधे हाताचे आणि मनगटाचे होते. गुडघा किंवा खुब्याला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही.

वेगळ्या चालीचे जिवाणू

गोनोरियाच्या जिवाणूची चाल वेगळी आहे. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते, मनगट-घोट्याजवळच्या स्नायुरज्जूंच्या आवरणांना सूज येते आणि त्वचेवर मोजके पुटकुळ्यांसारखे डाग दिसतात. सांध्यातील कल्चर अनेकदा कोरे येते; मूत्रमार्ग, गर्भाशयमुख किंवा घशाच्या नमुन्याची जनुकीय चाचणी जास्त उपयोगी पडते. सेफ्ट्रिॲक्झोनने हा संसर्ग लवकर आटोक्यात येतो. दुसऱ्या टोकाला क्षयाचा जिवाणू : महिनोन्महिने सुजलेला, फारसा गरम नसलेला एकच सांधा. त्याच्यासाठी अस्तराचा तुकडा तपासावा लागतो आणि भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्षयविरोधी औषधे किमान वर्षभर द्यावी लागतात. न तापवलेले दूध पिणाऱ्या किंवा जनावरांची वार हाताळणाऱ्या पशुपालकांत ब्रुसेलाचा विचार होतो. हा जिवाणू सावकाश वाढतो आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही त्याची लागण होऊ शकते, म्हणून संशय असल्यास तसे नमुन्यासोबत कळवणे आवश्यक असते.

कृत्रिम सांधा

धातू आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर जिवाणू स्वतःभोवती चिकट थर विणतात. त्या थरात ते संथपणे जगतात आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. थोडेच जिवाणू पुरेसे ठरत असल्याने येथे निकषही खाली येतात : जुन्या संसर्गात ३,००० पेशीही संशयास्पद मानल्या जातात. संसर्ग ताजा आणि सांधा पक्का असेल तर आत साफसफाई करून तो राखण्याचा प्रयत्न होतो; अन्यथा तो काढून एका किंवा दोन टप्प्यांत नवा बसवला जातो. स्टॅफिलोकॉकसच्या थरावर रिफाम्पिसिन परिणामकारक आहे, पण एकटे दिल्यास जिवाणू लवकर दाद देईनासा होतो, म्हणून ते नेहमी जोडीने दिले जाते. हेच औषध क्षयाच्या उपचाराचाही आधार असल्याने भारतात ते सुरू करण्याआधी क्षय नाही ना, हे पाहणे महत्त्वाचे असते. येथे मुदत कमी करणे महागात पडते : २०२१ च्या फ्रेंच चाचणीत सहा आठवड्यांच्या उपचारानंतर १८.१ टक्के, तर बारा आठवड्यांनंतर ९.४ टक्के रुग्णांत संसर्ग कायम राहिला किंवा परतला.

पुनर्वसन

पहिले काही दिवस वेदना ओसरेपर्यंत सांध्याला आधार देऊन विश्रांती दिली जाते. त्यानंतर हालचाल लांबवणे अहितकारक असते. स्थिर सांध्यात कूर्चेचे पोषण मंदावते, पिशवी आखडते आणि मांडीचे स्नायू झपाट्याने बारीक होतात. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या हाताने हलकी हालचाल, मग रुग्णाने स्वतः केलेली आणि शेवटी भार टाकून चालणे, असा क्रम असतो. दुखऱ्या सांध्याला मालिश करणे किंवा तो चोळणे मात्र या काळात टाळले जाते.

मर्यादा

कोणतीही एक चाचणी या विकाराला पूर्णपणे नाकारू शकत नाही. काही रुग्णांत लक्षणे आणि पेशी संसर्गाकडे बोट दाखवतात, पण कल्चर कोरेच राहते. आधी घेतलेली प्रतिजैविके हे त्याचे नेहमीचे कारण. तापासाठी चार दिवस गोळ्या घेतलेल्या रुग्णाचा नमुना प्रयोगशाळेत निर्जंतुक निघतो, सांधा मात्र भरलेलाच असतो. अशा वेळी जनुकीय चाचण्या मदत करतात, पण त्या सर्वत्र उपलब्ध नसतात आणि कोणते औषध चालेल हे पूर्णपणे सांगत नाहीत. उपचार यशस्वी झाला तरी गेलेली कूर्चा परत येत नाही. काहींना पुढे सांधा बदलावा लागतो. परिणाम ठरवणाऱ्या गोष्टींपैकी वय, मधुमेह आणि जिवाणूचा प्रकार हातात नसतात. सूज आल्यापासून सुई लागेपर्यंतचा काळ हातात असतो, आणि त्या सुईआधी कोणते औषध दिले गेले हेही.